विम्यात आयव्हीएफ बसत नाही, मग पैसे कुठून आणायचे? नवी मुंबईतल्या जोडप्यांसाठी खर्चाचा पूर्ण हिशोब

सायन-पनवेल हायवेवरून जाताना वर बघा किंवा वाशी, नेरूळ, खारघरच्या स्टेशनबाहेर उभे राहा. आयव्हीएफ सेंटरचा एखादा बोर्ड दिसतोच. त्यावर हसरं बाळ असतं, मोठ्या अक्षरात पॅकेजचा आकडा असतो आणि खाली बारीक अक्षरात 'सुलभ हप्ते उपलब्ध' असं लिहिलेलं असतं.

बोर्ड बघून जोडपं आत जातं. तपासण्या होतात, डॉक्टर आयव्हीएफ सुचवतात आणि बाहेर काउंटरवर पहिला प्रश्न विचारला जातो, "यात मेडिक्लेम चालेल का?" उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच येतं.

त्यानंतर घरी जी चर्चा होते ती आपल्याकडे कोणी उघडपणे बोलत नाही. एफडी मोडायची का? दागिने ठेवायचे का? सासूबाईंना सांगायचं का? आणि एवढे पैसे घालून झालं नाही तर?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाची अडचण येते. म्हणजे हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. तरी त्याचा आर्थिक हिशोब मराठीत नीट कुठे सापडत नाही, म्हणून तो इथे मांडतोय.

विमा कंपनी नाही का म्हणते?

तुमची कंपनीच वाईट आहे असं नाही. विमा नियामक 'इर्डाय'ने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातल्या अपवादांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातला १७ क्रमांकाचा अपवाद 'वंध्यत्व' हा आहे. कृत्रिम गर्भधारणा, आयव्हीएफ, इक्सी, सरोगसी हे सगळं त्यात येतं. त्यापुढचा १८ वा अपवाद बाळंतपणाचा आहे. तुमच्या पॉलिसीच्या कागदात हे दोन क्रमांक शोधा, तुमच्यापुरतं उत्तर तिथेच मिळेल.

यात तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, कंपनी हे अपवाद काढून जादा कव्हर देऊ शकते. वंध्यत्व उपचार देणाऱ्या काही पॉलिसी बाजारात आहेत. पण त्यात सहसा दोन-तीन वर्षांचा वेटिंग पिरियड आणि रकमेची वेगळी मर्यादा असते. नुकतंच लग्न झालेल्या २७-२८ वर्षांच्या जोडप्याने अशी पॉलिसी बघायला हरकत नाही. पण वय ३६ असेल तर विम्यासाठी तीन वर्षं थांबणं महागात पडतं, कारण त्या तीन वर्षांत यशाची शक्यताच कमी होते.

दोन, मूळ आजारावरचा उपचार वेगळा मोजला जातो. फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस, अंडाशयातली गाठ यासाठी रुग्णालयात दाखल होऊन ऑपरेशन झालं, तर पॉलिसीच्या अटींनुसार क्लेम मिळू शकतो. ऑपरेशनच्या आधीच कंपनीकडून लेखी मंजुरी मागा. पण आयव्हीएफला दुसरं नाव देऊन क्लेम टाकू नका. कोणी तसं सुचवलं तरी नाही. पकडलं गेलं तर क्लेमही जातो आणि पॉलिसीही.

तीन, नवीन पॉलिसी घेताना आधीचे उपचार लपवू नका. फॉर्मवर खरं लिहा.

क्लेम चुकीच्या कारणाने नाकारला असं वाटत असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. नवी मुंबई ठाण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या हद्दीत येते. तिथे फी नाही आणि वकिलाचीही गरज नाही.

सरकारी योजनांचं काय?

'आयुष्मान भारत' मध्ये वंध्यत्वाचे उपचार वगळलेले आहेत. त्यामुळे आयुष्मान कार्ड आहे म्हणून आयव्हीएफ मोफत होईल, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

गंमत म्हणजे कायद्याला यातला विमा माहीत आहे, पण तो तुमच्यासाठी नाही. २०२१ चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार दुसऱ्या स्त्रीचं अंडं घ्यायचं असेल, तर त्या अंडदातीचा १२ महिन्यांचा विमा जोडप्याने काढायचा असतो. ही तरतूद योग्यच आहे. पण इंजेक्शनं आणि भूल हे सगळं स्वतःच्या अंगावर झेलणाऱ्या पत्नीच्या खर्चासाठी मात्र तशी सोय नाही.

एका सायकलचा खरा आकडा

परळच्या 'राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थे'ने (ही आयसीएमआरची संस्था आहे) केलेल्या अभ्यासात एका आयव्हीएफ सायकलसाठी जोडप्याच्या खिशातून सरकारी रुग्णालयात सरासरी सुमारे १.१ लाख आणि खासगीत सुमारे २.३ लाख रुपये जातात असं दिसलं. हा उपचार आयुष्मान योजनेत घ्यावा, असंही त्यात सुचवलं आहे.

मग बोर्डावर एक-सव्वा लाख कसे काय दिसतात? कारण पॅकेजमध्ये सगळं नसतं. एक उदाहरण घेऊ. हे आकडे समजण्यासाठी आहेत, प्रत्येक ठिकाणी ते वेगळे असतील.

- पॅकेज (अंडी काढणं, लॅब, भ्रूण तयार करणं): १,२०,००० रुपये
- आधीच्या रक्त तपासण्या, सोनोग्राफी, वीर्य तपासणी: २०,००० रुपये
- हार्मोनची इंजेक्शनं: ७०,००० रुपये
- भ्रूण गोठवणं आणि पहिल्या वर्षाचं भाडं: २५,००० रुपये
- गोठवलेलं भ्रूण नंतर गर्भाशयात सोडणं: ४५,००० रुपये

एकूण झाले २,८०,००० रुपये. बोर्डावर होते १,२०,०००. कोणी खोटं बोललं नाही, फक्त अर्धा हिशोब सांगितला.

यात सर्वात जास्त वर-खाली होतो तो इंजेक्शनांचा खर्च. वय जास्त असेल किंवा अंड्यांचा साठा कमी असेल तर डोस वाढतो. त्यामुळे "माझ्या रिपोर्टप्रमाणे इंजेक्शनांना कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती लागतील?" असं थेट विचारा. त्याच प्रकारच्या इंजेक्शनांच्या वेगवेगळ्या ब्रँडच्या किमतीत मोठा फरक असतो. स्वस्त पर्याय चालेल का, हे डॉक्टरांना विचारण्यात लाज कसली? प्रिस्क्रिप्शन घेऊन दोन-तीन मेडिकलमध्ये भाव बघा. मात्र ही औषधं थंड ठेवावी लागतात, म्हणून बिल देणाऱ्या खात्रीच्या दुकानातूनच घ्या.

आणखी एक गोष्ट. आयव्हीएफ सेवा जीएसटीतून मुक्त आहे, हे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. औषधांच्या किमतीत जीएसटी असतो, ते ठीक. पण क्लिनिकने उपचाराच्या रकमेवर वेगळा जीएसटी लावला असेल तर कारण विचारा.

आणि पगार कापला जातो तोही खर्चच. इंजेक्शनं सुरू झाल्यावर साधारण १० ते १२ दिवस दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफीला जावं लागतं. रोजंदारी किंवा कंत्राटी काम असेल तर बुडालेले दिवस हिशोबात धरा.

आधी स्वस्त पायऱ्या पूर्ण करा

मूल होत नाही म्हटलं की पहिली तपासणी सुनेचीच होते. प्रत्यक्षात पुरुषाची वीर्य तपासणी ही सर्वात स्वस्त आणि सोपी तपासणी आहे. अनेक जोडप्यांत कारण पुरुषात किंवा दोघांत असतं. ती पहिल्याच आठवड्यात करून घेतली तर पत्नीच्या कितीतरी महागड्या तपासण्या आणि मनस्ताप वाचतो.

प्राथमिक सल्ला आणि तपासण्यांसाठी वाशी, नेरूळ आणि ऐरोलीच्या महापालिका रुग्णालयांच्या स्त्रीरोग ओपीडीत जाता येतं. प्रत्येकालाच आयव्हीएफ लागतं असंही नाही. थायरॉइडचा उपचार, पीसीओएसवरच्या गोळ्या किंवा आययूआय यातूनही काहींना गर्भधारणा होते आणि आययूआयचा खर्च आयव्हीएफच्या तुलनेत खूपच कमी असतो. पण वय ३५ च्या पुढे असेल तर या पायऱ्यांवर वर्षानुवर्षं घालवू नका. किती महिने प्रयत्न करायचा, ते डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या.

हार्बर लाइनवरचे सरकारी पर्याय

६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नातून एका मुलीचा, हर्षा चावडाचा, जन्म झाला. त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी टेस्ट ट्यूब बेबी जन्माला घातली होती, पण त्यांच्या कामाला हयातीत मान्यता मिळाली नाही. त्यामुळे शास्त्रीय नोंदीत बरीच वर्षं हर्षाच पहिली होती. केईएम हे महापालिकेचं रुग्णालय आहे आणि वर उल्लेख केलेली परळची संस्था या कामात सोबत होती. म्हणजे मुंबईत या उपचाराची सुरुवातच सरकारी दारात झाली. पुढे मात्र तो बहुतांश खासगी झाला.

आता चित्र थोडं बदलतंय. सीएसएमटीजवळच्या राज्य सरकारच्या कामा आणि आल्ब्लेस रुग्णालयात २०२४ मध्ये आयव्हीएफ केंद्र सुरू झालं. पनवेल, नेरूळ, वाशीहून सीएसएमटीला थेट लोकल आहे. परळच्या संस्थेतही वंध्यत्वासाठी ओपीडी चालते. सरकारी ठिकाणी रांग मोठी असते आणि काही औषधं बाहेरून आणावी लागतात, हे गृहीत धरून जा. वय तिशीच्या आत असेल तर ही रांग परवडते. वय जास्त असेल तर आजच नाव नोंदवा आणि तोपर्यंत दुसऱ्या पर्यायांची चौकशी चालू ठेवा.

शेजारच्या गोव्याने तर २०२३ मध्ये बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये मोफत आयव्हीएफ सुरू केलं. म्हणजे राज्य सरकारने ठरवलं तर हे होऊ शकतं. आपल्या आमदाराला विचारायला हा चांगला प्रश्न आहे.

धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. ही सोय मुख्यतः दाखल होणाऱ्या रुग्णांसाठी आहे, त्यात आयव्हीएफ बसेलच असं धरू नका. पण फायब्रॉइड किंवा नळ्यांच्या ऑपरेशनसाठी तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला नक्की भेटा.

नोकरीतून काही मिळतं का?

हा प्रश्न विचारायलाच अनेक जण विसरतात.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी २०११ च्या आदेशात आयव्हीएफच्या खर्चाची परतफेड आहे. पत्नीचं वय २१ ते ३९, मूल नसलेलं जोडपं, जास्तीत जास्त तीन सायकल आणि प्रत्येक सायकलला कमाल ६५ हजार रुपये, अशा त्याच्या अटी होत्या. आधी मंजुरी लागते, नंतर बिल चालत नाही. सध्याची मर्यादा आपल्या कार्यालयातून तपासून घ्या. बंदर, रेल्वे, अणुऊर्जा अशा ठिकाणी काम करणाऱ्यांनीही आपल्या वैद्यकीय विभागात चौकशी करावी.

ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी असेल तर ग्रुप मेडिक्लेमची पूर्ण पुस्तिका एचआरकडून मागवा. काही कंपन्या स्वतःच्या ग्रुप पॉलिसीत वंध्यत्व उपचारासाठी ठरावीक रक्कम देतात. पती-पत्नी दोघंही नोकरी करत असाल तर दोघांच्याही पॉलिसी बघा. एचआरला कारण सांगायची गरज नाही, नुसती पुस्तिका मागितली तरी पुरे.

कर्ज घ्यायचंच असेल तर

क्रम असा ठेवा. आधी बचत, मग स्वस्त कर्ज आणि सगळ्यात शेवटी क्लिनिकमधले हप्ते.

पतसंस्था: कर्मचाऱ्यांच्या पतपेढीचे सभासद असाल तर तिथलं व्याज बँकेच्या पर्सनल लोनपेक्षा बरेचदा कमी असतं आणि हप्ता पगारातून कापला जातो. फक्त जामीनदार लागतात, म्हणजे कोणाला तरी सांगावं लागतं.

सोनं तारण: व्याज तुलनेने कमी, पैसे लवकर. पण एक लक्षात ठेवा, लग्नात मिळालेले दागिने हे स्त्रीधन आहे. त्यावर कायद्याने पत्नीचा हक्क आहे. ते ठेवायचे की नाही हा निर्णय तिचा, सासर-माहेरचा नाही.

पीएफ: ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याचे नियम सोपे करायचं ठरवलं. 'विशेष परिस्थिती' या गटात कारण न देता रक्कम काढता येईल आणि २५ टक्के रक्कम खात्यात ठेवावी लागेल, असा तो निर्णय आहे. अर्ज करण्याआधी पोर्टलवर आपल्याला किती रक्कम मिळू शकते ते बघा. हे म्हातारपणाचे पैसे आहेत, हे विसरू नका.

पर्सनल लोन: समजा २ लाख रुपये १६ टक्क्यांनी घेतले. तीन वर्षांसाठी हप्ता साधारण ७,०३० रुपये येतो आणि व्याज सुमारे ५३ हजार जातं. दोन वर्षांसाठी हप्ता ९,७९० रुपये, पण व्याज ३५ हजार. झेपत असेल तर मुदत कमी ठेवा.

'झिरो कॉस्ट ईएमआय': बिनव्याजी कर्ज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. व्याज कुठेतरी लपलेलं असतं, एकतर प्रोसेसिंग फीमध्ये, नाहीतर रोख भरल्यावर मिळणारी सूट गमावण्यात. म्हणून "आज रोख भरले तर किती?" हे आधी विचारा. कर्ज देणाऱ्याकडून 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. सगळा खर्च धरून वार्षिक दर किती पडतो, ते त्यात लिहावंच लागतं. आणि क्लिनिकच्या टेबलावर त्याच दिवशी सही करू नका.

क्लिनिकला विचारायचे सात प्रश्न

कायद्यानुसार यशाची शक्यता, धोके आणि खर्च जोडप्याला समजावून सांगणं हे क्लिनिकचं काम आहे. त्यामुळे हे विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे.

१. नोंदणी प्रमाणपत्र कुठे लावलंय?
२. पॅकेजमध्ये काय आहे आणि काय नाही, हे लेखी द्याल का?
३. माझ्या वयाच्या महिलांमध्ये इथे किती जणींना प्रत्यक्ष बाळ झालं? फक्त टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्या मोजू नका.
४. अंडी मिळाली नाहीत किंवा भ्रूण तयार झालं नाही, तर किती पैसे परत मिळतील?
५. गोठवलेल्या भ्रूणाचं दर वर्षाचं भाडं किती?
६. हे जादा इंजेक्शन किंवा ही जादा चाचणी माझ्यासाठी का? न केल्यास काय फरक पडेल?
७. 'मनी बॅक' असेल तर कोणाला लागू नाही?

सहावा प्रश्न महत्त्वाचा आहे. बिल फुगवणाऱ्या अनेक जादा गोष्टींचा बाळ होण्याशी ठोस संबंध सिद्ध झालेला नाही. ब्रिटनची नियामक संस्था तर अशा गोष्टींना पुराव्यानुसार श्रेणी देते आणि त्यातल्या बऱ्याच नापास होतात.

पैसे वाचवायला एकदम जास्त भ्रूण सोडण्याचा हट्टही धरू नका. जुळ्यांमध्ये मुदतीआधी बाळंतपणाचा धोका वाढतो आणि एनआयसीयूचं बिल आयव्हीएफच्या बिलाच्या वर जाऊ शकतं.

बिलावरून वाद झाला तर क्लिनिकच्या तक्रार कक्षात लेखी तक्रार द्या. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक आयोग आहे. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. म्हणून प्रत्येक पावती जपून ठेवा.

आणि सगळ्यात अवघड आकडा

आतापर्यंत एका सायकलचा हिशोब केला. पण पहिल्याच वेळी यश येईल याची खात्री नसते. ब्रिटनच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार गर्भाशयात सोडलेल्या प्रत्येक भ्रूणामागे बाळ जन्माला येण्याचं प्रमाण १८ ते ३४ वयात सुमारे ३५ टक्के आणि ४३-४४ वयात सुमारे ५ टक्के होतं. म्हणजे तरुण वयातही एका वेळी बाळ न होण्याचीच शक्यता जास्त असते.

म्हणून हातात २.८ लाख असतील तर ते सगळे पहिल्या प्रयत्नात संपवणारं महागडं क्लिनिक निवडण्याआधी विचार करा. भ्रूण गोठवलेली असतील तर पुढचा प्रयत्न बऱ्याच कमी खर्चात होतो. ते पैसे आधीच बाजूला ठेवा. त्यातच बाळंतपणाचा खर्चही येणार आहे आणि तोही विम्यात असेलच असं नाही.

सुरुवातीलाच एका संध्याकाळी दोघांनी बसून तीन गोष्टी कागदावर लिहा. एकूण किती रुपये, किती प्रयत्न आणि कोणत्या पैशांना हात लावायचा नाही. घराचा हप्ता, सहा महिन्यांचा घरखर्च आणि आई-वडिलांच्या औषधांचे पैसे या शेवटच्या यादीत असायला हवेत. हे पहिल्या इंजेक्शनच्या आधी लिहा. रिपोर्ट निगेटिव्ह आल्याच्या दिवशी "अजून एकदाच" म्हणणं फार सोपं असतं आणि तेव्हा नाही म्हणायची ताकद कोणातच नसते.

ठरवलेली मर्यादा नंतर बदलता येते. मात्र ती बदलायची ती दोघांनी, घरी बसून, आठवड्याभराने. काउंटरवर उभं राहून नव्हे. आणि मर्यादेपाशी थांबलात तर हरलात असं अजिबात नाही. दत्तक घेणं किंवा दोघांनीच मजेत राहणं, ही घरंसुद्धा पूर्ण असतात. कर्ज कोणाच्या डोक्यावर राहणार आहे हे नातेवाईक विचारत नाहीत, त्यामुळे कुठे थांबायचं हेही त्यांना विचारायची गरज नाही.